बिल उघडायला बरोबर दहा सेकंद: दुकानाच्या सर्व्हरवर डीएनएस अडकतंय, मदत हवी

पुस्तकगल्ली · मंगळवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

अप्पा बळवंत चौकाजवळ माझ्या मामांचं पुस्तकांचं दुकान आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्यामुळे आत्ता तिथे काय गर्दी असते ते पुण्यातल्या पालकांना सांगायला नको. हातात शाळेची यादी, कडेवर धाकटं, बाहेर पाऊस आणि रांग थेट फुटपाथपर्यंत. अशात काउंटरवर 'नवीन बिल' दाबलं की दहा सेकंद काहीच होत नाही. मग बिल उघडतं आणि पुढचं सगळं झटपट. दिवसाला ३६० बिलं धरली तर एक अख्खा तास लोक नुसते उभे असतात. मामांचं वय बघता मला हे सहन होत नाहीये.

व्यवस्था अशी आहे. सहा काउंटर, सगळे विंडोज, पत्ते १९२.१६८.१.३१ ते ३६. माळ्यावर डेबियनचा सर्व्हर, १९२.१६८.१.१०. त्यावर मारियाडीबी (बिलांचा डेटाबेस) आणि डीएनएसमास्क (यंत्रांची नावं-पत्ते सांगणारा, म्हणजे डीएनएसचा, आणि पत्ते वाटूही शकणारा प्रोग्राम). बिलिंगचा प्रोग्राम काउंटरवरून थेट मारियाडीबीला जोडतो, दर बिलाला नवी जोडणी. प्रोग्राममध्ये सर्व्हरचा पत्ता आकड्यांतच लिहिलाय. राउटर १९२.१६८.१.१. सर्व्हरच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (डीएनएस कुणाला विचारायचा ते सांगणारी फाइल) एकच ओळ, १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हर स्वतःच, तिथला डीएनएसमास्क. आणि डीएनएसमास्क पुढे राउटरला विचारतो.

मे महिन्यात इंटरनेटची जोडणी बदलली, नवा राउटर आला. बसवायला आलेला माणूस म्हणाला, आता पत्ते राउटर वाटेल, सर्व्हरवरचं वाटप बंद करा, दोघे वाटायला लागले तर गोंधळ होतो. मला पटलं. डीएनएसमास्कमधल्या डीएचसीपी-रेंजच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, ओळीपुढे # लावून मी ती बंद केली. तेव्हापासून लेबल छापायचा प्रिंटर नावाने सापडेना, म्हणून त्याला आकड्यांचा पत्ता देऊन टाकला. बिलाचा त्रास त्याच आठवड्यातला की नंतरचा, हे नक्की आठवत नाही, कारण मे महिन्यात गर्दी नसते.

मामा म्हणतात नेट स्लो आहे. पण वेग मोजला तर २०० एमबीपीएस येतो. सर्व्हरवर डिगने (डीएनएसला थेट विचारायची आज्ञा) कुठलंही संकेतस्थळ विचारलं की २०-२५ मिलिसेकंदांत उत्तर. मारियाडीबीच्या लॉगमध्ये मात्र ही सूचना शेकडो वेळा आहे: १९२.१६८.१.३१ हा पत्ता रिझॉल्व्ह होऊ शकला नाही, नाव शोधण्यात तात्पुरता बिघाड. माझं डोकं इथेच थांबतं. पत्ता तर समोर आहे. त्याचं अजून काय रिझॉल्व्ह करायचं?

कोथरूडकर · मंगळवार, रात्री १०.४०

जोडणी देणाऱ्यांचे डीएनएस बरेचदा रखडतात. सर्व्हरच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, टाका. माझ्या घरी याने प्रश्न सुटला होता. दोन मिनिटांचं काम आहे, करून बघा.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.२०

पुस्तकगल्ली, काही बदलायच्या आधी मोजा. तुम्ही 'बरोबर दहा सेकंद' लिहिलंत तो या धाग्यातला सगळ्यात कामाचा शब्द आहे. जोडणी खरोखर मंद असती तर कधी तीन सेकंद लागले असते, कधी आठ, कधी चौदा. दर वेळी तोच आकडा येतो तेव्हा कुठल्या तरी घड्याळाची मुदत संपत असते. लिनक्समधली ग्लिबसी (बहुतेक प्रोग्राम जिच्यामार्फत नावं शोधतात ती लायब्ररी) डीएनएसच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबते आणि असं २ वेळा करते. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नेमसर्व्हरची (डीएनएस सर्व्हरची) ओळ एकच असेल तर ५ गुणिले २, दहा. दोन ओळी असत्या तर तुम्ही वीस सेकंद लिहिलं असतंत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मारियाडीबी उलटा शोध घेतोय. काउंटर जोडायला आला की तो आधी पत्त्यावरून नाव विचारतो, कारण परवानग्या 'अमुक वापरकर्ता, तमुक नावाच्या यंत्रावरून' अशा देता येतात. नाव कळल्याशिवाय तो दार उघडत नाही. हेच वाट पाहणं तुमच्या काउंटरवर दिसतंय.

सर्व्हरवर तीन गोष्टी करा आणि वेळ लिहून पाठवा. गेटएंट होस्ट्स १९२.१६८.१.३१, हा ग्लिबसीमार्फत नाव शोधतो. मग डिग -एक्स १९२.१६८.१.३१. आणि गर्दीच्या वेळी मारियाडीबीत शो प्रोसेसलिस्ट, म्हणजे कोण जोडलंय त्याची यादी.

शिकाऊ · मंगळवार, रात्री ११.३५

उलटा शोध म्हणजे काय ते कुणी सांगेल का? मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नावावरून पत्ता एवढंच शिकवलंय.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.५५

शिकाऊ, पुण्यातला पत्ता कसा लिहितो ते बघ. आधी घर क्रमांक, मग पेठ, मग पुणे, मग महाराष्ट्र. लहानाकडून मोठ्याकडे. डीएनएसमधलं नावही तसंच असतं, सगळ्यात मोठा भाग शेवटी. आयपी पत्ता मात्र मोठ्याकडून लहानाकडे जातो. १९२.१६८ हा मोठा गट आणि शेवटचा ३१ म्हणजे घर. म्हणून पत्त्यावरून नाव शोधताना आकडे उलटे मांडतात आणि शेवटी इन-अॅडर.आर्पा लावतात. ३१.१.१६८.१९२.इन-अॅडर.आर्पा. या नावाची पीटीआर नोंद विचारायची, उत्तरात यंत्राचं नाव मिळतं. १९८७ साली आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ आले, त्यांतच हे आहे.

आता मेख. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत, आरएफसी १९१८ प्रमाणे. तुझ्या घरी १९२.१६८.१.३१ आहे, माझ्याही घरी आहे. त्यामुळे बाहेरच्या जगात या पत्त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं, असूच शकत नाही. ही चौकशी घराबाहेर जाणंच चूक.

पुस्तकगल्ली · बुधवार, रात्री ९.५०

कामावरून घरी येईपर्यंत उशीर झाला, माफ करा. एक कबूल करतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी कोथरूडकरांचा उपाय करून बघितला, कारण दिवस गर्दीचा होता. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ काढून ८.८.८.८ लिहिलं. आणि दहा सेकंद गेले! दिवसभर बिलं पटापट उघडली. मामांचा दुपारी फोन आला, खूश होते.

पण संध्याकाळी सातला सर्व्हरची नक्कल साठवणारी पेटी पडली. म्हणजे पेटी चालू आहे, सर्व्हरला तिचं नाव सापडेना. ते नाव मी डीएनएसमास्कमध्ये होस्ट-रेकॉर्डने दिलेलं होतं. आज दिवसभराच्या बिलांची नक्कल झाली नाही हे कळल्यावर पोटात गोळा आला. आत्ता हाताने नक्कल घेतली आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ पूर्वीसारखं केलं.

आता रात्रपाळी ताईंनी सांगितलेली मोजमापं. गेटएंटला १०.०१ सेकंद, उत्तर काही नाही. डिगला १५ सेकंद, मग 'एकाही सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही'. प्रोसेसलिस्टमध्ये तीन ओळी अशा होत्या की वापरकर्त्याच्या जागी 'अनऑथेंटिकेटेड यूजर' आणि अवस्था 'लॉगिन'. दहा आणि पंधरा असा फरक का?

कोथरूडकर · बुधवार, रात्री १०.०५

नक्कल अडकली याबद्दल मनापासून वाईट वाटलं. माझ्या घरी आतली नावं नाहीतच, त्यामुळे हा विचार मी केला नव्हता. पण मग ८.८.८.८ ने दहा सेकंद गेले कसे?

रात्रपाळी · बुधवार, रात्री १०.४५

आधी दहा-पंधरा: डिग ग्लिबसीवर अवलंबून नाही, स्वतः विचारतो. त्याचीही मुदत ५ सेकंदांची, पण तो ३ वेळा प्रयत्न करतो. दोघांचा हिशेब तंतोतंत जुळला, म्हणजे उत्तर कुठेतरी पूर्ण गडप होतंय. उशिरा येत नाहीये, येतच नाहीये.

कोथरूडकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. ८.८.८.८ ला खासगी पत्त्याचं नाव विचारलं की तो लगेच 'असं नाव अस्तित्वात नाही' म्हणतो. एनएक्सडोमेन. मारियाडीबीला तेवढं पुरतं. तो 'याला नाव नाही' अशी नोंद स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी विचारतही नाही. मुदत संपली तर मात्र तो ते तात्पुरता बिघाड धरतो, निकाल लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या बिलाला पुन्हा पहिल्यापासून विचारतो. म्हणून प्रत्येक बिलाला दहा सेकंद. 'नाही' हे उत्तर आणि काहीच उत्तर न येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि इथे बऱ्याच जणांचा एक समज आहे तो आत्ताच सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी सुचवेल. 'पहिली ओळ आपला सर्व्हर, दुसरी ८.८.८.८, एकाला माहीत नसेल तर दुसरा सांगेल.' तसं होत नाही. पहिल्याने 'असं नाव नाही' म्हटलं की ते शेवटचं उत्तर, दुसऱ्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्याकडे जाणं होतं ते पहिला गप्प राहिला किंवा त्याने नीट उत्तर दिलं नाही तर. म्हणून रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सगळ्या नेमसर्व्हरना सारखंच ज्ञान हवं. घरातलं माहीत असलेला एक आणि नसलेला एक, अशी जोडी लावली की कधी चालतं कधी नाही असा प्रकार सुरू होतो, आणि तो शोधायला सगळ्यात अवघड.

आता चौकशी कुठे गडप होते ते डोळ्यांनी बघू. सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावा, सगळ्या इंटरफेसवर, पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं. -एन जरूर द्या. तो नाही दिला तर टीसीपीडम्प स्वतःच प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसेल आणि आपल्याच आजाराने आडवा होईल. दुसऱ्या खिडकीत तोच गेटएंट चालवा.

औंध_४११००७ · बुधवार, रात्री ११.१०

मोठ्या उत्तरांचा त्रास तर नाही ना? आमच्याकडे फायरवॉल ५१२ बाइटपेक्षा मोठं यूडीपी उत्तर टाकून द्यायची, टाइमआउट अगदी असेच दिसायचे. ईडीएनएसचा (मोठ्या डीएनएस उत्तरांच्या मर्यादेचा) आकार १२३२ केला आणि टीसीपी ५३ उघडला तेव्हा सुटलं. २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेला तोच आकार सुचवला होता.

रात्रपाळी · बुधवार, रात्री ११.२०

विचारलंत ते बरं केलंत, तपासण्यासारखंच आहे. पण पीटीआरचं उत्तर जेमतेम शे-सव्वाशे बाइटचं, त्यात आकाराची अडचण यायची नाही. आणि बाहेरची संकेतस्थळं व्यवस्थित मिळताहेत.

पुस्तकगल्ली · गुरुवार, सकाळी ७.३०

रात्री केलं. दिसलं ते असं. सर्व्हरचा प्रश्न १२७.०.०.१ ला, म्हणजे डीएनएसमास्कला. लगेच डीएनएसमास्कचा तोच प्रश्न १९२.१६८.१.१ ला, राउटरकडे. मग शांतता. पाच सेकंदांनी पुन्हा तेच दोन. पुन्हा शांतता. राउटरकडून एकही पाकीट परत नाही. त्याच वेळी संकेतस्थळ विचारलं तर राउटर चटकन उत्तर देतो.

म्हणजे राउटर खासगी पत्त्यांच्या उलट्या चौकश्या गुपचूप गिळतोय. पण जुना राउटर हे करत नव्हता का? की जुन्याकडे प्रश्न जातच नव्हते?

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ८.०५

जातच नव्हते! शाब्बास, हेच शोधायचं होतं. आधी पत्ते डीएनएसमास्क वाटत होता. जो पत्ते वाटतो त्याला कुणाला कुठला पत्ता दिला आणि त्या यंत्राचं नाव काय हे माहीत असतं. विंडोज पत्ता मागतानाच आपलं नाव सांगतं. त्यामुळे ३१ कोण, हे मारियाडीबीने विचारलं की डीएनएसमास्क आपल्या वहीतून सांगायचा, मिलिसेकंदाच्या आत. तुम्ही वाटप काढून राउटरकडे दिलंत, वही कोरी झाली. आता विचारलं की त्याला माहीत नाही, म्हणून तो पुढे राउटरला विचारतो, आणि राउटर गप्प. लेबलचा प्रिंटर नावाने सापडेना तोही याच दिवशी, याच कारणाने. 'दोघांनी वाटू नये' हा त्या माणसाचा सल्ला बरोबरच होता. फक्त वाटणारा कोण असावा, हे ठरवताना नावांचा विचार झाला नाही.

खात्री करायची तर बदल एकाच काउंटरपुरता करा. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ: १९२.१६८.१.३१ आणि पुढे काउंटर१. बाकी पाचांना हात लावू नका.

पुस्तकगल्ली · गुरुवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाऊन आलो. ओळ टाकली. पहिल्या काउंटरवर 'नवीन बिल' दाबलं आणि बोट उचलायच्या आत बिल समोर! शेजारच्या दुसऱ्या काउंटरवर दाबलं आणि मनात मोजत राहिलो, दहाला उघडलं. काउंटरवरच्या ताईंनी लगेच विचारलं, "दादा, माझं पण असं करून द्या ना." मामांनाही दोन्ही पडदे शेजारी दाखवले. आता ते नेटला नावं ठेवत नाहीत.

होस्ट्समध्येच सहा ओळी टाकून मोकळा होऊ का?

रात्रपाळी · गुरुवार, दुपारी २.००

रविवारपर्यंतची सोय म्हणून टाका, गर्दी निभावेल. कायमचं नको. राउटर पत्ते वाटतोय तोवर ३१ उद्या दुसऱ्याच यंत्राला जाऊ शकतो, किंवा कुणाचा मोबाइल ३४ घेईल.

शटर खाली गेल्यावर असं करा. आधी राउटरवरचं डीएचसीपी बंद. ते बंद झाल्याची खात्री झाल्यावरच डीएनएसमास्कमधल्या डीएचसीपी-रेंजपुढचा # काढा. सहाही काउंटर आणि प्रिंटरला डीएचसीपी-होस्टने, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बघून, ठरलेला पत्ता आणि नाव द्या. मग बोगस-प्रिव्ह ही ओळ. डीएनएसमास्कच्या नमुना फाइलमध्ये ती असते, पण # लावून निजवलेली. ती जागी केली की ज्या खासगी पत्त्याचं नाव वहीत नाही त्याला डीएनएसमास्क स्वतःच 'नाही' म्हणतो, प्रश्न दुकानाबाहेर सोडत नाही. खरा इलाज माझ्या मते हीच ओळ आहे. ती असती तर वही कोरी झाल्यावरही बिलं अडली नसती. सोबत डोमेन-नीडेड घाला, म्हणजे ठिपका नसलेली नावंही बाहेर जाणार नाहीत.

शेवटी प्रत्येक विंडोजवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि रिन्यू, किंवा सरळ बंद करून चालू.

औंध_४११००७ · गुरुवार, दुपारी ४.३०

मारियाडीबीत स्किप-नेम-रिझॉल्व्ह घातलं तर उलटा शोधच बंद होईल. तेही करावं असं माझं मत. गल्ल्यावरचं काम डीएनएसवर कशाला टांगून ठेवायचं? मात्र आधी परवानग्या बघा. कुणाला 'काउंटर१ वरून' अशी नावाने दिली असेल तर त्याला दार बंद होईल, ती आकड्यांत बदलावी लागेल. आणि सर्व्हरवरचा एखादा कार्यक्रम १२७.०.०.१ ने जोडत असेल आणि परवानगी लोकलहोस्ट नावाने असेल, तर तोही अडकेल. आमचा रात्रीचा अहवाल असाच अडकला होता.

रात्रपाळी · गुरुवार, सायंकाळी ६.१०

अनुमोदन. पण दोन्ही करा, आणि आधी डीएनएस. त्याशिवाय बाकी कुणी उलटी चौकशी केली की तोच त्रास दुसऱ्या दारातून येईल. जुन्या ओपनएसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं साधन) यूजडीएनएस, म्हणजे उलटा शोध, मुळात चालू असायचं, लॉगिन करताना असंच ताटकळावं लागायचं. ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळात बंद असतं.

जुना_वायरमन · गुरुवार, रात्री ८.२०

मी तापकीर गल्लीत ये-जा असलेला माणूस, सर्व्हरमधलं फार कळत नाही, पण एक अनुभव सांगतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा आमच्या एका गिऱ्हाईकाकडे वीज आल्यावर नावंच सापडायची नाहीत. शेवटी निघालं की मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे. त्यांचा डीएनएस सह्या तपासणारा होता, डीएनएसएसईसी की काय ते. तारीख चुकल्याने सगळ्या सह्या त्याला खोट्या वाटायच्या. आणि वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरचं नाव लागतं, ते नाव सापडायला वेळ बरोबर लागते. मुलाने सेल बदलला आणि प्रश्न मिटला. माळ्यावरचा सर्व्हर जुना असेल तर सेल बघून घ्या.

पुस्तकगल्ली · गुरुवार, रात्री ८.४५

काका, आमच्या डीएनएसमास्कमध्ये सह्या तपासणं चालू नाही, पण सेल सहा वर्षांचा आहे. रविवारी बदलतो.

ताई, एक राहिलं. आतल्या नावांना मी पूर्वी .लोकल लावायचो. तेच ठेवू?

रात्रपाळी · गुरुवार, रात्री ९.००

नको. .लोकल हे एमडीएनएससाठी राखीव आहे, आरएफसी ६७६२, २०१३. कित्येक यंत्रं ते नाव डीएनएसला न विचारता थेट जाळ्यावर हाका मारत शोधतात, म्हणजे पुन्हा ताटकळणं. होम.आर्पा घ्या, आरएफसी ८३७५ ने घरगुती जाळ्यांसाठीच दिलंय. किंवा .इंटर्नल, २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) ते खासगी वापरासाठी बाजूला ठेवलं.

पुस्तकगल्ली · रविवार, रात्री ११.४०

झालं. मामा आणि मी दोघेच होतो. राउटरवरचं वाटप बंद केलं, सर्व्हरवरचं चालू केलं, सात डीएचसीपी-होस्ट, बोगस-प्रिव्ह, डोमेन-नीडेड, आणि शेवटी .इंटर्नल. काउंटर एकेक करून बंद-चालू केले. होस्ट्समधल्या सहा ओळी काढून टाकल्या आणि मग मोजलं.

गेटएंट ३१: ०.००२ सेकंद, नाव काउंटर१. मुद्दाम कुणालाच न दिलेला ७७ विचारला: तेवढ्याच वेळात 'नाही'. टीसीपीडम्पमध्ये राउटरकडे एकही उलटी चौकशी गेली नाही. लेबलचा प्रिंटर नावाने छापतोय. नक्कल साठवणारी पेटीही सापडली, आजची नक्कल झाली. स्किप-नेम-रिझॉल्व्ह अजून घातलं नाही. परवानग्या बघितल्या तर दोन नावाने निघाल्या, त्या बदलून पुढच्या रविवारी. सेल बदलला.

निघताना मामांनी सहाही काउंटरवर स्वतः एकेक बिल उघडून बघितलं. शेवटच्या काउंटरवर म्हणाले, "तुझ्या त्या ताईंना सांग, दुकानावरून गेल्या तर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." निरोप पोचवला.

रात्रपाळी · सोमवार, पहाटे ५.३०

पोचला. येईन नक्की, भाचीला पाचवीची पुस्तकं घ्यायचीच आहेत. त्या दोन परवानग्या बदलण्याआधी त्यांची यादी इथे टाका, नावं झाकून. एकदा नजर टाकते.